विश्लेषण : हाताने वळलेली व्हेपची कॉइल ‘चांगली’ असते का? तार, वेढे, बॅटरी आणि कायदा यांचा हिशेब

ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. तरीही ती दिसते, आणि तिच्यासोबत एक छंदही दिसतो. काही जण बारीक तार घेऊन स्वतःच्या हाताने कॉइल वळतात, तिचे फोटो टाकतात आणि कोणती कॉइल सरस यावर वाद घालतात. दापोली तालुक्यातील हर्णे, मुरूड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पर्यटक येतात. शहरातली सवय पर्यटकाच्या बॅगेतून अशा गावात सहज पोहोचू शकते. त्यामुळे घरात खोल्या भाड्याने देणाऱ्यांना, दुकानदारांना आणि शाळा-कॉलेजात मुले असलेल्या पालकांना हे प्रकरण माहीत असायला हवे. ही कॉइल काय असते, कोणत्या कॉइलमध्ये काय फरक असतो आणि ‘चांगली’ म्हणजे नेमके काय, ते पाहू.

कॉइल नेमके काय करते?

विजेच्या शेगडीत जी वेटोळी तार लाल होते, तिचेच हे छोटे भावंड. व्हेपमध्ये तारेचे पाच-सहा वेढे असतात आणि त्यांच्या पोकळीत कापसाची वात असते. समईची वात जशी तेल वर खेचते, तशी ही वात टाकीतला द्रव खेचते. बटण दाबले की बॅटरीचा प्रवाह तारेतून वाहतो, तार तापते आणि वातीतल्या द्रवाचे सूक्ष्म थेंब होऊन हवेत मिसळतात. त्यालाच लोक वाफ किंवा धूर म्हणतात. खरे तर तो धूर नाही आणि निव्वळ वाफही नाही. त्या थेंबांत प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटिन असते.

म्हणजे फुप्फुसात जे काही जाते, ते तयार होण्याची जागा कॉइल ही आहे. बॅटरी, टाकी, स्वाद यांची चर्चा जास्त होते, पण तापमान ठरवते ती कॉइल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळाले होते, पण ती बाजारात चालली नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ च्या सुमारास ती विकसित केली.

हाताने वळलेली कॉइल वेगळी कशी?

कारखान्यातली कॉइल धातूच्या छोट्या डबीत बंद असते. ती खराब झाली की डबी फेकून नवी बसवायची. पॉड किंवा एकदा वापरून टाकायच्या व्हेपमध्ये तर संपूर्ण वस्तूच फेकून दिली जाते. अलीकडे कारखान्याच्या कॉइलमध्ये गोल तारेऐवजी अनेकदा धातूची जाळी असते. ती वातीला सर्व बाजूंनी साधारण सारखी तापवते.

काही उपकरणांचे डोके मात्र उघडता येते. आत दोन किंवा चार खांब आणि स्क्रू असतात. वापरणारा तार विकत घेतो, सळईवर वेढे देतो, दोन टोके खांबांत आवळतो आणि कापूस भरतो. यामागे तीन कारणे सांगितली जातात. खर्च कमी येतो, चव हवी तशी मिळते आणि ‘ढग’ मोठा निघतो. परदेशात मोठे ढग सोडण्याच्या स्पर्धाही झाल्या आहेत.

चौथे कारण फारसे बोलले जात नाही. हे हातकाम आहे आणि हातकामाची गोडी लागते. किनाऱ्यावरच्या कोणत्याही मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याला ती ठाऊक असते. तार किती जाडीची, वेढे किती, ओढ किती द्यायची, यावर काम जमते किंवा जळते. फरक एवढाच, की मोटार जळाली तर दुरुस्त होते. इथे कॉइलमधून निघालेली हवा थेट छातीत जाते.

तार कोणती, याने किती फरक पडतो?

साधारण चार प्रकारच्या तारा वापरल्या जातात.

पहिली कँथल. ही लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची मिश्रधातू, स्वीडनमध्ये विकसित झालेली. औद्योगिक भट्ट्यांत ती वापरतात. तापल्यावर तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूला जपतो. तिच्यात निकेल जवळपास नसते. तापल्यावर तिचा रोध फारसा बदलत नाही.

दुसरी नायक्रोम. ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेला प्रकार जास्त चालतो. नायक्रोमचे पेटंट अमेरिकेत १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांना मिळाले. टोस्टर, केस वाळवण्याचे यंत्र यांत हीच तार असते. ती कँथलपेक्षा लवकर तापते, म्हणून अनेक शौकिनांची तिला पसंती असते. पण तिचा मोठा हिस्सा निकेल आहे आणि निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. नकली दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांच्या त्वचेला खाज येते, त्यांच्या बाबतीत अनेकदा कारण निकेलच असते.

तिसरी स्टेनलेस स्टील, बहुधा ‘३१६ एल’ या प्रतीची. तिच्यात लोहाबरोबर क्रोमियम, निकेल आणि थोडे मॉलिब्डेनम असते. तापल्यावर तिचा रोध ठरावीक प्रमाणात वाढतो. त्या वाढीवरून काही उपकरणे तापमानाचा अंदाज घेतात आणि मर्यादा ओलांडली की प्रवाह कमी करतात.

चौथ्या गटात शुद्ध निकेल आणि टायटॅनियम येतात. त्यांचा रोध तापमानानुसार खूप बदलतो. म्हणून त्या फक्त तापमान-नियंत्रण असलेल्या उपकरणांसाठी होत्या. नियंत्रणाशिवाय त्या वापरणे जास्त धोक्याचे, कारण टायटॅनियम फार तापले तर त्याच्यावरील ऑक्साइडचा थर भुकटीसारखा सुटू शकतो.

आता आकड्यांत पाहू. ०.४ मिलिमीटर जाडीची तार, ३ मिलिमीटर पोकळी, सहा वेढे आणि खांबांपर्यंतची टोके धरली तर साधारण साडेसात सेंटीमीटर तार लागते. ती कँथलची असेल तर रोध सुमारे ०.८५ ओहम येतो. नायक्रोमची असेल तर सुमारे ०.६४ आणि स्टेनलेस स्टीलची असेल तर सुमारे ०.४४. आकार तोच, वेढे तेवढेच, डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. पण स्टीलच्या कॉइलमधून कँथलच्या जवळपास दुप्पट प्रवाह वाहील. रिळावरचे लेबल चुकीचे असेल तर सगळा हिशेब चुकतो. बंदी असलेल्या मालाच्या लेबलची खात्री कोण देणार, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

साधी, क्लॅप्टन की एलियन?

वेढ्यांच्या आकारावरूनही नावे पडली आहेत. एकाच गोल तारेची ती साधी कॉइल. जाड तारेवर केसासारखी बारीक तार गुंडाळून मग तिचे वेढे दिले की ती क्लॅप्टन. गिटारच्या जाड तारा अशाच गुंडाळलेल्या असतात, म्हणून गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांचे नाव तिला पडले. दोन-तीन तारा शेजारी ठेवून त्यांवर बारीक तार गुंडाळली तर ती फ्यूज्ड क्लॅप्टन. बाहेरची तार आधी नागमोडी करून गुंडाळली तर ती एलियन. चपट्या पट्ट्यांची चळत करून वर तार गुंडाळली तर ती स्टेपल.

या गुंतागुंतीचा उद्देश एकच असतो. तारेचा पृष्ठभाग वाढवायचा आणि खाचांत जास्त द्रव धरायचा. त्यामुळे चव तीव्र लागते आणि थेंबांचा ढग मोठा होतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. धातूचे वजन वाढल्यामुळे कॉइल तापायला उशीर लागतो, जास्त वॅट लागतात, बॅटरी लवकर उतरते आणि दर झुरक्याला जास्त द्रव खर्च होतो. द्रवात निकोटिन असेल तर तेही दर झुरक्याला जास्त जाते. ‘माझ्या द्रवात निकोटिन कमी आहे’ असे सांगणारा माणूस मोठ्या कॉइलवर दिवसभरात एकूण किती निकोटिन घेतो, हे बाटलीवरच्या आकड्यावरून कळत नाही.

गुंतागुंतीच्या कॉइलमध्ये दोष लपायलाही जागा जास्त असते. एखादा वेढा सैल राहिला किंवा दोन वेढे चुकीच्या जागी टेकले तर तेवढीच जागा जास्त तापते. तिथे कापूस करपतो. साध्या कॉइलमधला असा दोष डोळ्यांना दिसतो. एलियनमध्ये तो दिसेलच असे नाही.

बॅटरीचा हिशेब कुठे बिघडतो?

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे जीव वाचवतो किंवा घेतो. व्होल्टेजला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. व्हेपमध्ये वापरली जाणारी एक लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते. वरच्या उदाहरणातली कँथलची कॉइल लावली तर प्रवाह सुमारे ५ अँपिअर आणि शक्ती सुमारे २१ वॅट येते. स्टीलची लावली तर सुमारे साडेनऊ अँपिअर आणि ४० वॅट.

आता स्टीलच्या तशाच दोन कॉइल शेजारी लावल्या. दोन वाटा मिळाल्याने रोध निम्मा होतो, सुमारे ०.२२ ओहम. प्रवाह थेट १९ अँपिअर आणि शक्ती सुमारे ८० वॅट. रोध ०.१ ओहमवर आणला तर ४२ अँपिअर. अशा उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या ‘१८६५०’ प्रकारच्या चांगल्या बॅटऱ्यांनाही साधारण २० ते २५ अँपिअर सतत देण्याची मर्यादा असते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या बॅटरीची मर्यादा याहून बरीच कमी असते.

नियंत्रण सर्किट असलेले उपकरण अशा वेळी बंद पडते. पण ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणजे निव्वळ एक धातूची नळी, बॅटरी आणि बटण. त्यात ना फ्यूज, ना सर्किट. कॉइलचे टोक चुकून धातूच्या कवचाला टेकले की थेट शॉर्ट सर्किट. अमेरिकेत फ्लोरिडात २०१८ मध्ये आणि टेक्सासमध्ये २०१९ मध्ये व्हेपचा स्फोट होऊन प्रत्येकी एकाचा मृत्यू झाला. हाताने वळलेली कमी रोधाची कॉइल आणि सर्किट नसलेली नळी ही सर्वांत वाईट जोडी आहे.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट भर घालते. खारी, दमट हवा बॅटरीच्या टोकांना आणि स्क्रूंना गंज चढवते. सैल किंवा गंजलेल्या जोडावर रोध वाढतो आणि तिथेच उष्णता साठते. खिशात नाणी किंवा किल्ल्यांबरोबर सुटी बॅटरी ठेवणे तर कुठेही धोक्याचेच.

वाफेत धातू उतरतात का?

उतरतात, असे पुरावे आहेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची त्यांच्या रोजच्या वापरातली उपकरणे तपासली. बाटलीतला द्रव, टाकीतला द्रव आणि बाहेर येणारी वाफ असे तीन नमुने घेतले. बाटलीतल्या द्रवात शिसे, निकेल, क्रोमियम, मँगनीज यांचे प्रमाण कमी होते. कॉइलशी संपर्क आल्यानंतर टाकीत आणि वाफेत ते वाढलेले आढळले. म्हणजे धातू बाटलीतून नव्हे, उपकरणातून येत होते.

या अभ्यासातली एक नोंद कॉइलची तुलना करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. जे वारंवार कॉइल बदलत होते, त्यांच्या वाफेत धातू जास्त असण्याकडे कल होता. जुनी कॉइल घाण आणि नवी कॉइल स्वच्छ, हा सर्वसाधारण समज इथे टिकत नाही. नवी तार धातू अधिक सहज सोडत असावी, असा संशोधकांचा अंदाज होता. शिसे कुठून आले, हे मात्र त्यांनाही तेव्हा उलगडले नव्हते, कारण नायक्रोम किंवा कँथलच्या कृतीत शिसे नसतेच.

निकेलची संयुगे आणि षट्संयुजी क्रोमियम यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. व्हेपच्या वाफेतून मिळणाऱ्या मात्रेने दीर्घकाळात नेमके काय होते, याची उत्तरे यायला अजून वर्षे लागतील. धोका मोजून झालेला नाही. पण मोजून झालेला नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

वात सुकली तर काय होते?

द्रव असेपर्यंत कॉइलचे तापमान आटोक्यात राहते, कारण उष्णता द्रव उकळण्यात खर्च होते. पातेल्यात पाणी असेपर्यंत ते करपत नाही, तसेच. वात सुकली, कापूस घट्ट भरला किंवा वॅट जास्त झाले की तापमान झपाट्याने चढते. मग ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन असे त्रासदायक पदार्थ तयार होतात.

यावर वादही झाला. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका पत्रात जास्त व्होल्टेजवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळल्याचे, तर कमी व्होल्टेजवर ती न आढळल्याचे म्हटले होते. एवढ्या करपट चवीचा झुरका कोणी घेणारच नाही, असा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला. दोन्ही बाजूंचा निष्कर्ष मात्र एका मुद्द्यावर जुळतो, तो म्हणजे तापमान निर्णायक आहे. आणि हाताने वळलेल्या कॉइलचे तापमान वळणाऱ्याच्या हातावर, कापसावर आणि अंदाजावर अवलंबून असते.

२०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपिंगशी संबंधित फुप्फुसाच्या आजाराने २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. त्याचा मुख्य संशय कॉइलवर नव्हता. गांजातील घटक असलेल्या, बहुतांशी अनौपचारिक मार्गाने मिळालेल्या द्रवातील ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’वर तो होता. खायला चालणारी वस्तू तापवून श्वासात घेतली की चालेलच असे नाही, हा त्याचा धडा.

मग कोणती कॉइल ‘चांगली’?

शौकिनांच्या तुलनेत तीन गोष्टी मोजल्या जातात. चव, ढग आणि कॉइल किती दिवस टिकली. या मोजपट्टीवर गुंतागुंतीची कॉइल अनेकदा पुढे जाते. मोजपट्टी बदलली तर क्रम बदलतो. बॅटरीवरचा ताण पाहिला तर जास्त रोधाची साधी कॉइल कमी धोक्याची. निकेलशी संपर्क पाहिला तर कँथल नायक्रोमपेक्षा बरी. तापमानावर ताबा पाहिला तर नियंत्रण असलेल्या उपकरणातली स्टीलची कॉइल बरी. पण यातली कोणतीही ‘सुरक्षित’ नाही, फक्त एक धोका दुसऱ्यापेक्षा कमी आहे. वाफेत किती निकेल, किती शिसे, किती फॉर्माल्डिहाइड, हे घरी कोणालाही मोजता येत नाही. हाताने वळल्याने रोधावर ताबा मिळतो, श्वासात काय जाते यावर नाही.

ज्या देशांत विक्रीला परवानगी आहे, तिथे निदान काही चौकट असते. ब्रिटनमध्ये टाकी २ मिलिलिटरपर्यंत आणि निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा आहे. एकदा वापरून टाकायच्या व्हेपवर तिथे १ जून २०२५ पासून बंदी आली. भारतात विक्रीच बेकायदा असल्याने व्हेपच्या तारेला किंवा द्रवाला प्रमाणित तपासणी नाही.

कायदा काय सांगतो?

१८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा झाला. द्रवात निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारे उपकरण त्यात येते. ई-हुक्काही येतो. कलम ४ नुसार उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ही बंदी पूर्ण वस्तूला आहे तशीच तिच्या कोणत्याही भागालाही आहे. म्हणजे ‘मी व्हेप विकत नाही, फक्त कॉइल करून देतो’ हा बचाव कामाचा नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

किनाऱ्यावरच्या घरमालकांसाठी कलम ५ महत्त्वाचे. आपल्या ताब्यातील जागा ई-सिगारेटचा साठा ठेवण्यासाठी जाणूनबुजून वापरू देणे हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतः ओढण्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण त्यामुळे खोलीत किंवा दुकानात माल ठेवायला मोकळीक मिळत नाही. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडती आणि जप्तीचा अधिकार आहे.

तंबाखू सोडण्यासाठी उपयोग होतो ना?

परदेशात याचे पुरावे आहेत. कोक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार निकोटिन असलेल्या ई-सिगारेटने सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण गम-पॅचपेक्षा जास्त आढळले. पण तो हिशेब सिगारेट ओढणाऱ्यांचा आहे. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडचा प्रश्न मशेरी, मळलेली तंबाखू आणि गुटख्याचा आहे. मशेरी लावणाऱ्या आजीची सवय क्लॅप्टन कॉइलने सुटणार नाही. उलट ज्या नातवाने कधी तंबाखूला हात लावला नाही, त्याला निकोटिनची ओळख होण्याची भीती अधिक.

तंबाखू सोडायची असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदत क्रमांक १८००-११-२३५६ हा निःशुल्क आहे. निकोटिन गम आणि पॅच औषध म्हणून कायदेशीर मिळतात. तोंडात तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

पालकांनी काय पाहावे?

मुलाच्या टेबलावर रिळावरची बारीक तार, छोटे पाने, कापूस आणि सुटी गोल बॅटरी एकत्र दिसली तर ती शाळेची प्रकल्पवही नसेल. आरडाओरडा करण्याआधी ओहमच्या नियमावर बोलणे जास्त उपयोगी पडेल, कारण ज्याला कॉइल वळता येते त्याला गणित कळते. हेच हात मोटार रिवाइंडिंग, बोटीची वायरिंग किंवा सोलर पंपाच्या कामात बसले तर गावात त्यांना मागणी आहे. जुन्या किंवा फुगलेल्या बॅटऱ्या मात्र कचऱ्यात किंवा किनाऱ्यावर टाकू नयेत. टोकांना चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्याव्यात. आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे लिथियम आणि निकोटिन पुरण्याचे काही कारण नाही.